फेजोआ बियांपासून वाढवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. फेजोआची पिकलेली फळे हाती लागली, त्यातल्या बिया कुंडीत पेरल्या, तीनेक आठवड्यांत भरपूर उगवल्या आणि मग एकेक रोप बुडाशी बारीक होऊन आडवे पडत गेले. आता चार-पाच रोपे उरली आहेत. ती जपावीत की पुन्हा पेरावे? कुंडीत फळ धरेल का, किती वर्षांनी, आणि ते मूळ फळासारखेच असेल का?

आधी उत्तरे देतो, मग कारणे. उरलेली रोपे जपाच, शिवाय पुन्हा पेराही. कुंडीत फळ धरते, फक्त कुंडी मोठी हवी. जमिनीत लावलेल्या बियांच्या रोपाला साधारण तीन ते पाच वर्षांत फळ लागते. कुंडीत एखाद-दोन वर्षे जास्त धरून चाला. फळ मूळ फळासारखे निघेलच, याची काहीही हमी नाही. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही: तुमच्याकडे हिवाळा किती थंड असतो?

फेजोआ हा पेरू-जांभळाच्या कुळातला. इंग्रजीत त्याला पाइनॅपल ग्वावा म्हणतात, पण तो ना अननस ना पेरू. तो मूळचा दक्षिण ब्राझीलच्या डोंगराळ पठारांवरचा, उरुग्वेचा आणि त्यांना लागून असलेल्या पॅराग्वे-अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. तिथे उन्हाळा असतो, पण रात्री गारवा असतो आणि हिवाळ्यात दव गोठते. म्हणून मोठे झालेले झाड उणे ९-१० अंशांपर्यंतची थंडी निभावून नेते. उलट सतत उकाडा मात्र त्याला मानवत नाही. चांगला फुलोरा यायला हिवाळ्यात ७ अंशांखालचे निदान ५० तास तरी मिळावे लागतात, आणि फुलांच्या दिवसांत पारा ३२ अंशांच्या वर राहिला तर फुले येऊनही फळधारणा कमी होते. न्यूझीलंड, जॉर्जिया, अझरबैजान हे फेजोआचे मोठे देश आहेत ते याच कारणाने. कोलंबिया विषुववृत्तालगतचा देश असूनही तिथे त्याच्या बागा आहेत, पण त्या आहेत साधारण १८०० मीटरच्या वर, थंड डोंगरांवर.

तेव्हा तुमच्याकडे हिवाळ्यातही रात्री कोमट असतील तर आत्ताच ठरवून टाका. झुडूप जगेल, वाढेल, वरून गडद हिरवे आणि खालून रुपेरी असे पान फारच देखणे दिसेल. फळ मात्र क्वचित मिळेल, किंवा मिळणारही नाही. केवळ पानांसाठी झाड ठेवायला माझी हरकत नाही, पण पाच वर्षे फळाची वाट पाहून मग हिरमुसण्यापेक्षा हे आधी माहीत असलेले बरे. पुढचे सगळे, थोडी का होईना थंडी पडते असे धरून लिहितो आहे.

आता बिया. विकत घेतलेल्या पाकिटापेक्षा फळातून स्वतः काढलेली बी केव्हाही उजवी, कारण फळ पिकले होते की नाही हे तुम्हाला डोळ्यांनी दिसते. फेजोआचे फळ पिकले तरी हिरवेच राहते, त्यामुळे रंगावर जाऊ नका. फळ आडवे चिरा. मधोमध जेलीचे कप्पे दिसतील. जेली पांढरट, घट्ट असेल तर फळ कच्चे आहे आणि आतली बीही तयार नाही. जेली काचेसारखी स्वच्छ असेल तर नेमकी वेळ. जेली तपकिरी पडली असेल तर खायला ते फळ गेले, पण बियांना चालते. बियांसाठी मी मुद्दाम थोडी जास्त पिकलेली फळेच घेतो. बिया या जेलीत रुतलेल्या असतात, चपट्या, फिकट, जेमतेम दोन मिलिमीटरच्या; खाताना त्या दातालाही लागत नाहीत. एका फळात वीस ते चाळीस बिया सहज निघतात, परागीभवन छान झाले असेल तर आणखीही.

ही जेली काढणे सर्वांत महत्त्वाचे. ती बीभोवती राहिली तर पेरल्यावर तिच्यावरच आधी बुरशी चढते, आणि तीच पुढे रोपांना गाठते. चमच्याने मधला गर पेल्यात काढा, तो बुडेल इतके पाणी घाला आणि झाकण न लावता नुसते फडके बांधून तीन-चार दिवस ठेवून द्या. गर आंबेल, वर फेस येईल, वासही येईल. तो यायलाच हवा. मग बारीक गाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली बोटांनी हलके चोळा. जेली सुटून गेली की बिया खरखरीत लागतात. बुळबुळीत लागत असतील तर आणखी एक दिवस भिजू द्या. बिया तरंगल्या म्हणून पोकळ समजून फेकू नका. जेली पूर्ण निघेपर्यंत त्या चाचणीला अर्थ नसतो. धुतलेल्या बिया चिनीमातीच्या बशीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात आणि खरवडताना तुटतात.

इथे फेजोआ त्याच्या भाऊबंदांपेक्षा वेगळा आहे. जांभूळ, सुरिनाम चेरी, जाबुतिकाबा यांची बी वाळली की मेली. ती फळातून काढून ओलीच पेरावी लागते. फेजोआची बी कोरडी ठेवली तर वर्षभर, कधी त्याहून जास्तही टिकते. म्हणजे आज घाई करायची गरज नाही. हवा आल्हाददायक असेल, म्हणजे दिवसा २० ते २५ अंश, तेव्हा पेरा. फार गारव्यात उगवण रेंगाळते, आणि जितके दिवस बी ओल्या मातीत पडून राहते तितकी बुरशीला संधी. पाकिटातली बी घ्यायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा: पाइनॅपल ग्वावा या नावाखाली स्ट्रॉबेरी पेरूची बी गळ्यात पडू शकते. ती टणक आणि आकाराने मोठी असते. उगवल्यावरही ओळखता येते. स्ट्रॉबेरी पेरूचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, तुकतुकीत. फेजोआच्या रोपाला काही पाने आली की पानाच्या मागे पांढरी लव दिसू लागते. परदेशातून बी किंवा रोप मागवत असाल तर आपल्या देशाचे विलगीकरणाचे नियम आधी पाहा. या कुळावर पडणारा तांबेरा देशोदेशी पसरला आहे, २०१७ साली तो न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही पोहोचला. सामानात लपवून आणलेले एक रोप म्हणजे एका झाडापुरती हौस राहत नाही.

आता तुमच्या आडव्या पडलेल्या रोपांकडे येतो. याला रोपे कोलमडणे म्हणतात, रोपवाटिकेत नुसते 'मर लागली' म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशी हे करतात, आणि फेजोआची कोवळी रोपे तिला फार लवकर बळी पडतात. लक्षण अगदी जवळून पाहा. पाने अजून हिरवी, टवटवीत असतात, पण माती जिथे खोडाला टेकते तिथे खोड पाणावलेले, तपकिरी आणि दोऱ्याइतके बारीक झालेले असते. रोप तिथेच मोडते. हे उजेडाअभावी लांबुडक्या झालेल्या रोपांच्या झुकण्याशी गल्लत करू नका. ती रोपे सबंध उंचीभर वाकतात आणि बुडाशी हिरवीच असतात. त्यांना उजेड दिला की सावरतात. मर लागलेले रोप सावरत नाही. त्याला औषध नाही.

म्हणून सगळा खेळ ती लागूच नये यासाठीचा. बहुतेक घरी तीन गोष्टी हमखास चुकतात: बागेची माती किंवा शेणखत-गांडूळखत घातलेले मिश्रण वापरले जाते, वरून झारीने पाणी दिले जाते, आणि उगवल्यावरही ट्रेवरचा प्लास्टिकचा कागद तसाच राहतो. बी पेरायच्या मिश्रणात खत अजिबात नको. बीच्या पोटात पहिल्या काही आठवड्यांची शिदोरी असते. मी दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) घेतो. पर्लाइट नसेल तर जाड, धुतलेली वाळू. कोकोपीट धुतलेच पाहिजे, त्यात क्षार असतात. हे मिश्रण ट्रेमध्ये भरून त्यावर उकळते पाणी ओता आणि पूर्ण गार होऊ द्या. ट्रे आणि कुंड्याही धुऊन वाळवलेल्या हव्यात. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिळत असेल तर गार झालेल्या मिश्रणात पेरणीआधी मिसळा. तो प्रतिबंधक आहे; रोपे पडू लागल्यावर शिंपडून फारसे काही हाती लागत नाही. दालचिनीची पूड भुरभुरण्याची टूम हल्ली फार चालते. नुकसान नाही, पण तिच्या भरवशावर ओल जास्त ठेवू नका.

बी पेरताना दोन बोटे अंतर राहील अशी विरळ टाका. दाट फोकली तर उगवण बघायला छान वाटते आणि मर एका रोपावरून दुसऱ्यावर चालत जाते. बी खोल पुरायची नाही. ती ओल्या पृष्ठभागावर ठेवून, जेमतेम झाकली जाईल इतकी बारीक वाळू चाळणीने वर पेरा. ही वाळू दुहेरी काम करते: बी जागेवर राहते आणि वरचा थर लवकर सुकतो, त्यामुळे खोडाच्या बुडाशी ओल साचत नाही. पाणी खालून द्या. ट्रे पसरट भांड्यात ठेवून भांड्यात पाणी घाला, वरची वाळू ओलसर दिसली की ट्रे बाहेर काढून निथळू द्या. उगवेपर्यंत वर काच किंवा कागद ठेवायला हरकत नाही. पहिले कोंब दिसताच तो दिवसेंदिवस जास्त उघडा करत तीन-चार दिवसांत पूर्ण काढून टाका. हवा खेळती असली पाहिजे; खोलीत ट्रे असेल तर पंखा मंद ठेवून दूरून वारा लागू द्या. रोपे किंचित हलली पाहिजेत, फडफडायला नकोत.

तीन आठवड्यांच्या आसपास उगवण सुरू होते आणि ती एकदम होत नाही. महिना-सव्वा महिना झाला तरी मागाहून एखादी बी डोके वर काढते. त्यामुळे ट्रे लवकर रिकामा करू नका.

तुमची उरलेली रोपे अजून त्याच कुंडीत असतील तर वाट न पाहता आजच हलवा. एरवी मी खऱ्या पानांच्या दोन जोड्या येईपर्यंत थांबतो, पण मर चालू असलेल्या मातीत थांबण्यात अर्थ नाही. पडलेले रोप नुसते उपटू नका. त्याच्या भोवतीच्या मिश्रणासकट चमच्याने उचलून बाहेर टाका. ठीक असलेली रोपे पातळ चपट्या काडीने खालून मोकळी करा आणि पानाला धरून उचला. खोडाला कधीही धरायचे नाही. कोवळे खोड चिमटीत दबले की तिथून पाणी चढणे थांबते. पान फाटले तर दुसरे येईल. प्रत्येक रोप वेगळ्या छोट्या पिशवीत, ताज्या मिश्रणात, पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लावा. खोड वरपर्यंत पुरून आधार देण्याचा मोह आवरा. हलवल्यावर आठवडाभर उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. खोड तांबूस, काडीसारखे टणक होऊ लागले की मरीचा धोका जवळजवळ संपला.

यानंतरचे पहिले वर्ष कंटाळवाणे आहे. वर फार काही घडताना दिसत नाही आणि माणूस अस्वस्थ होऊन खत ओततो. पानांची टोके करपली की समजा क्षार जास्त झाले. या काळात झुडूप मुळे करत असते, आणि फेजोआची मुळे बारीक, तंतुमय, वरच्या थरातच पसरणारी असतात. पिशवीच्या तळाशी मुळे दिसू लागली की एकच पायरी मोठी कुंडी द्या. इवल्याशा रोपाला थेट मोठ्या कुंडीत टाकले तर मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुजते. शेवटची कुंडी ४० ते ५० लिटरची हवी, त्याहून मोठी मिळाली तर उत्तमच. कुंडी बदलताना गोळ्याभोवती वेटोळे घातलेली मुळे दिसली तर ती बोटांनी सोडवा किंवा तीन-चार ठिकाणी उभी चिरा. तसेच लावले तर ती आयुष्यभर तशीच फिरत राहतात.

पहिल्या वर्षापासून मिश्रणात खत चालते: पालापाचोळ्याचे किंवा गांडूळखत एक चतुर्थांश, बाकी निचरा होणारी माती. सामू (pH, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा) सहा ते साडेसहाच्या आसपास असावा. कुंडीत फेजोआ लावणाऱ्यांची खरी डोकेदुखी इथे असते, कीड-रोगाची नव्हे. पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरा थर धरत असेल, तर दर वेळी पाण्याबरोबर थोडा चुना मातीत जातो, सामू वर सरकतो आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. मग शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर मात्र दुखणे वेगळे, बहुधा नत्राची कमतरता. शेंड्याकडून पिवळेपणा सुरू झाला असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, द्या, पण घेताना प्रकार पाहा. ईडीटीए स्वरूपातले लोह सामू साडेसहाच्या वर गेला की लवकर निकामी होते. ईडीडीएचए स्वरूपातले चुनखडीच्या मातीतही टिकते. महाग असते, पण लागते चिमूटभर. पावसाचे पाणी साठवता येत असेल तर सर्वांत उत्तम.

पाणी वाफसा पाहून द्या. वरचा बोटभर थर सुकला की भरपूर, मग पुन्हा सुकेपर्यंत नाही. मुळे उथळ असल्याने कुंडीत खुरपणी करू नका, वर पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवा. झुडूप दुष्काळ सोसते अशी त्याची ख्याती आहे आणि ती जगण्यापुरती खरी आहे. फुले आल्यापासून फळ फुगेपर्यंत पाण्याचा ताण पडला तर फळे गळतात. ऊन पूर्ण द्या. जिथे उन्हाळा कडक असतो तिथे दुपारनंतरची सावली चालते. नत्र जास्त झाले तर झाड नुसते पानांवर जाते. किडींचे फारसे सांगण्यासारखे नाही: खवले कीड आणि तिच्या चिकट स्रावावर चढणारी काजळी, क्वचित पिठ्या ढेकूण. ओल्या कापडाने पुसणे आणि कडुनिंबाचे तेल एवढ्यावर घरच्या झाडाचे भागते. फळमाशी असलेल्या भागात फळांना पिशव्या घालाव्या लागतात.

आता मूळ फळासारखे फळ येईल का, याकडे वळू. बहुतेक फेजोआ झाडे स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. पराग कुक्षीवर पडतो, परागनलिका खाली बीजांडापर्यंत पोहोचतेही, पण पुढे झाड ते फळ टाकून देते. म्हणजे तुमच्या हातातल्या फळाचा बाप बहुधा दुसरेच झाड होते आणि आतल्या प्रत्येक बीची जडणघडण वेगळी आहे. एकाच फळातून निघालेल्या रोपांत एक गोड, सुवासिक फळ देणारे, दोन बेताची, एखादे आंबट, जाड सालीचे आणि एखादे वर्षानुवर्षे फुलच न देणारे असे सगळे निघू शकते. 'अपोलो', 'युनिक', 'कूलिज' अशा नावाच्या जाती कलमाने किंवा छाट्यांनीच वाढवतात ते यासाठी. नावाच्या जातीच्या फळातली बी पेरली म्हणून तुमच्या रोपाला ते नाव लागत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

म्हणूनच मी चार-पाच रोपांवर समाधान मानू नका म्हणतो. बियांपासून फेजोआ करणे म्हणजे एका रोपाला जीव लावणे नव्हे, खूप रोपांतून निवड करणे आहे. बी फुकट आहे, ट्रेला जागा लागत नाही. पहिल्या वर्षी पंधरा-वीस रोपे सांभाळा आणि वर्षाच्या शेवटी त्यातली जोमदार, बुडापासून फुटवे देणारी, पाने निरोगी असलेली सहा-सात ठेवा. फळाचा दर्जा रोपावरून कळत नाही, पण जे रोप कुंडीतच कुढत राहते ते पुढेही कुढतच राहते, एवढे खात्रीने सांगतो. शेवटी मोठ्या कुंड्यांत दोन तरी, जागा असेल तर तीन झाडे हवीतच, कारण एकट्या झाडावर फुलांची आरास दिसेल आणि फळ बहुधा धरणार नाही. ती शेजारी शेजारी ठेवा, एकाच कुंडीत दोन लावू नका. उथळ मुळे एकमेकांचे पाणी पळवतात.

फूल आले की जवळ जाऊन बघा, कारण परागीभवन तिथेच समजते. चार जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पांढऱ्या, आतून जांभळट-गुलाबी, कडा आत वळलेल्या. मधोमध गडद लाल पुंकेसरांचा गुच्छ आणि त्यांच्याही वर डोके काढून उभी एकच कुक्षीची काडी. मधमाशी येते, पुंकेसरांवरून पराग गोळा करते आणि बहुतेकदा कुक्षीला न शिवताच निघून जाते. खरे काम पक्षी करतात. पाकळ्या गोड असतात, त्या तोडून खाताना पक्ष्यांच्या डोक्याला-मानेला पराग लागतो आणि पुढच्या झाडावर कुक्षीला पुसला जातो. न्यूझीलंडमध्ये हे काम करणाऱ्या पक्ष्यांत आपली साळुंखीही आहे. तेव्हा पक्षी पाकळ्या कुरतडताना दिसले तर हुसकावू नका. पाकळ्या गेल्या म्हणून फळ जात नाही.

पक्षी येत नसतील तर हाताने करा. सकाळी दव सुकल्यावर एका झाडाचे उमललेले फूल घ्या, ज्याच्या पुंकेसरांच्या टोकांना पिवळी भुकटी सुटली आहे. त्याच्या पाकळ्या काढून टाका (तोंडात टाका, छान लागतात) आणि उरलेला लाल गुच्छ दुसऱ्या झाडाच्या फुलांच्या कुक्षीवर हलके टेकवत जा. एका फुलात बऱ्याच फुलांना पुरेल इतका पराग असतो. मग उलट दिशेने तेच. दर दोन दिवसांनी करा, कारण सगळी फुले एकदम उमलत नाहीत. पराग चांगला बसला तर बिया जास्त धरतात आणि जेलीचा गर त्या प्रमाणात भरतो. अर्धवट बसला तर फळ लहान आणि आतून पोकळ निघते.

छाटणीबद्दल एवढेच, की फुले नव्या फुटीच्या बुडाशी येतात आणि ती फूट गेल्या वर्षीच्या फांदीच्या शेंड्याकडून निघते. वसंतात कुंपणासारखे सरसकट कातरले तर त्या वर्षीचे फळ कातरले. छाटणी फळे संपल्यावर करा, आणि आतल्या गिचमिड फांद्या काढा. झुडपातून पक्षी सहज आरपार जाईल इतके ते मोकळे असावे.

फूल ते फळ पाच-सहा महिने जातात. फळ ओढून तोडू नका. पिकलेले आपोआप पडते, किंवा तळहातात धरून जरा वर उचलले की सुटते. खाली गवत किंवा जाळी असू द्या म्हणजे मार लागणार नाही. पडल्यावर घरात चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते.

पहिल्या हंगामाच्या फळावरून झाडाला नापास करू नका. पहिली फळे लहान असतात, दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात त्यांचा खरा आकार आणि चव कळते. तोपर्यंत एक झाड सरस ठरलेले असेल. त्याची छाटकलमे घरी फार कमी जगतात, संप्रेरक लावूनही. पाण्याच्या बारीक फवाऱ्याची सोय आणि तळाची ऊब नसेल तर वेळ वाया जातो. त्यापेक्षा खालची फांदी वाकवून मातीत दाबा किंवा गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फोडून घ्या. मुळे फुटायला सहा महिने लागतात, पण मिळते ते तंतोतंत तेच झाड. आणि जी झाडे चवीला नापास झाली ती उपटायची गरज नाही, त्यांचा खुंट (मुळांसकट खालचा भाग) वापरून चांगल्या झाडाची काडी कलम करता येते. खुंट आणि काडी दोन्ही फेजोआच असल्याने पाने अगदी सारखी दिसतात, पुढे खुंटावरून निघालेला फुटवा ओळखू येत नाही आणि तोच जोर धरून वरचे कलम दाबून टाकतो. म्हणून कलम बांधतानाच सांध्याच्या जरा वर रंगीत, सैल दोरी बांधून ठेवा आणि तिच्या खालून जे फुटेल ते कोवळे असतानाच खुडून टाका.